वेल्डरचा वायू आंब्याला कसा कळतो?

एप्रिल-मे महिन्यांत अन्न व औषध प्रशासनाची माणसं फळबाजारात तपासणीला निघतात, तेव्हा त्यांची नजर एका क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूवर असते. कागदाची पुडी. पेटीच्या तळाशी, पेंढ्यात किंवा फळांच्या मधोमध दडवलेली. उघडली तर आत राखाडी, खडबडीत खडे निघतात. ते असतं कॅल्शियम कार्बाइड. फळाच्या अंगचा ओलावा आणि हवेतला दमटपणा एवढं पाणी त्याला पुरतं. खड्याचा हळूहळू पांढरा चुना होत जातो आणि होता होता तो एक वायू सोडत राहतो. दोन-तीन दिवसांत पेटीतली हिरवी फळं पिवळीधमक.

हाच खडा, हेच पाणी आणि हाच वायू गॅस वेल्डिंगच्या दुकानातही असतो. अ‍ॅसिटिलीन. ऑक्सिजनबरोबर जाळला की त्याची ज्योत तीन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि लोखंडाचा पत्रा लोण्यासारखा कापते. पुडी बेकायदेशीर का, ते पुढे येईलच. मला त्याआधी भुरळ घालतो तो वेगळाच प्रश्न. लोखंड वितळवणाऱ्या या वायूशी आंब्याचा संबंध काय? कोकणातल्या कुठल्याही कलमाला जन्मात कधी अ‍ॅसिटिलीन भेटलेला नसतो. त्याला ओळखण्याचं झाडाला काही कारणच नाही. तरी आंबा त्याच्या सांगण्यावरून पिकायला लागतो.

उत्तर दोन कार्बन अणूंच्या मधल्या जागेत दडलंय. ती जागा बघायला थोडं आत शिरावं लागेल.

फक्त कार्बन आणि हायड्रोजन, तिसरं कुणी नाही, अशा संयुगांना हायड्रोकार्बन म्हणतात. कार्बनला चार हात, हायड्रोजनला एकच, आणि कुणाचाही हात मोकळा राहता कामा नये, एवढाच नियम. एक कार्बन घेतला तर एकच रचना जमते. चारही हातांत चार हायड्रोजन, म्हणजे मिथेन. गोबरगॅसमध्ये जळतो तो, रिक्षाच्या सीएनजीत असतो तो. पण कार्बन वाढवत गेलात की पसारा हाताबाहेर जातो. तीस कार्बन घ्या, सगळे एकेका हातानेच जोडा, वर्तुळं करू नका, एवढी बंधनं पाळूनही ४११ कोटींहून जास्त वेगवेगळ्या रचना कागदावर निघतात. दोनच मूलद्रव्यं, आणि पृथ्वीवरच्या माणसांच्या निम्म्याएवढे रेणू! तेव्हा आपण शहाणपणाने दोन कार्बनांवरच थांबू. गंमत तिथेही भरपूर आहे.

दोन कार्बनांनी एकमेकांचा एकेक हात धरला तर प्रत्येकाचे तीन हात उरतात. सहा हायड्रोजन आले, हा इथेन. दोन-दोन हात धरले तर चारच हायड्रोजनना जागा, हा इथिलीन. तीन-तीन धरले तर बिचारे दोनच हायड्रोजन, हा आपला अ‍ॅसिटिलीन. तिघेही रंगहीन वायू, तिघेही जळणारे.

आता कुणालाही वाटेल की एका हाताने धरलेल्यापेक्षा तीन हातांनी धरलेलं जास्त पक्कं, आणि जास्त पक्कं म्हणजे जास्त शांत. पहिलं खरं आहे. इथेनमधले कार्बन एकमेकांपासून १५४ पिकोमीटरवर असतात, इथिलीनमध्ये १३४ वर आणि अ‍ॅसिटिलीनमध्ये १२० वर. जवळीक खरोखर वाढते. बंध पुरता तोडायचा तर ऊर्जाही जास्त लागते. एका मोलमागे किलोज्यूलमध्ये मोजली तर एकेरी बंधाला साधारण ३४७, दुहेरीला ६१४, तिहेरीला ८३९. पण याच आकड्यांकडे वाण्याच्या नजरेने पाहा. एकाला ३४७ पडत असतील तर दोनाला ६९४ पडायला हवेत. पडतात ६१४. म्हणजे दुसरा बंध २६७ चाच आहे, आणि तिसरा तर २२५ चा. माल वाढत गेला, पण दर पडत गेला.

इथे हातांचं चित्र सोडून द्यावं लागतं, कारण हात सगळे सारखे असतात आणि बंध तसे नसतात. पहिला बंध दोन्ही अणूंच्या बरोबर मधल्या रेषेवर बसतो. त्याचे इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रकांच्या कचाट्यात, बाहेरून कुणाला सहज हात लावता येत नाही. याला सिग्मा बंध म्हणतात. ती जागा एकदा भरली की दुसऱ्या बंधाला मध्ये शिरायला वाव नाही. त्याचे इलेक्ट्रॉन त्या रेषेच्या वर आणि खाली पसरून राहतात. हा पाय (π) बंध. उघड्यावरचा, सैल धरलेला ऋणभारित ढग. तिसरा बंधही पाय बंधच. तो आला की ढगाचा कार्बनांना चोहोबाजूंनी वेढा पडतो. कार्बनांनी एकमेकांना जितकं जास्त धरलं तितके त्यांचे इलेक्ट्रॉन बाहेर जास्त उघडे पडले. पक्केपणा आणि शांतपणा यांची इथे फारकत होते. या लेखात पुढे जे काही जळतं, पिकतं किंवा फुटतं, त्यातलं बरंचसं या ढगाचं काम आहे.

इथेनपाशी हा ढग नाहीच. त्यामुळे त्याच्यावर आम्ल ओता, अल्कली ओता, पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं द्रावण ओता, तो ढिम्म. त्याची दोन टोकं मधल्या बंधाभोवती सेकंदाला अब्जावधी गिरक्या घेत असतात, तेवढीच काय ती हालचाल. क्लोरीनबरोबर ठेवून उन्हात धरला तर प्रकाशाने क्लोरीनचे रेणू फुटतात आणि मग एकेक हायड्रोजन हिसकावला जातो. एरवी आगकाडी लावल्याशिवाय याच्यात काही घडत नाही. शनीच्या टायटन या चंद्रावर उणे १७९ अंशांच्या थंडीत मिथेन-इथेनची चक्क तळी आहेत. त्यांतल्या ओंटारिओ लॅकस या तळ्यात द्रवरूप इथेन असल्याचं कॅसिनी यानाच्या निरीक्षणांतून २००८ मध्ये पक्कं झालं. तिथे हवेत ऑक्सिजन नाही, म्हणून अख्खं तळं इंधनाचं असूनही आग लागायची भीती नाही.

आपल्याकडचा इथेन समुद्राखालून येतो. मुंबई हाय १९७४ मध्ये सापडलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि तिथला वायू समुद्रतळावरच्या नळांनी उरणला येऊ लागला. त्यात मुख्यतः मिथेन, पण सोबत इथेन आणि प्रोपेनही. इथेन नुसता जाळणं म्हणजे रसायनवाल्यांच्या दृष्टीने निव्वळ उधळपट्टी. म्हणून रायगड जिल्ह्यात नागोठण्याला गॅस क्रॅकर उभा राहिला. आता तिथे अमेरिकेतून जहाजाने आलेला इथेनही दहेजहून नळाने पोचतो. क्रॅकरमध्ये होतं काय? इथेनमध्ये वाफ मिसळून तो तापलेल्या नळ्यांमधून आठशे अंशांच्या वर, सेकंदाच्या अंशाएवढ्याच वेळासाठी, सोडतात. दोन हायड्रोजन निघून जातात, कार्बनांचे मोकळे झालेले हात एकमेकांत गुंततात आणि इथिलीन तयार होतो. लगेच तो घाईघाईने थंड करावा लागतो, कारण जास्त वेळ तापू दिला तर हायड्रोजन निघतच राहतील आणि शेवटी हाती काजळी उरेल. एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर तो एक ढग मिळवण्यासाठी.

ढग आहे हे ओळखायची प्रयोगशाळेतली रीत विज्ञान शिकलेल्यांना आठवत असेल. ब्रोमीनच्या नारिंगी-तपकिरी पाण्यात इथिलीन सोडला की रंग जातो. ब्रोमीनला ते सैल इलेक्ट्रॉन दिसतात, पाय बंध उघडतो आणि एकेक ब्रोमीन एकेका कार्बनला जाऊन चिकटतो. इथेन तासभर सोडा, अंधारात रंग तसाच राहील.

ब्रोमीन नसेल तर इथिलीन दुसऱ्या इथिलीनलाही धरू शकतो. हे इंग्लंडमध्ये विनिंग्टनला आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत मार्च १९३३ मध्ये दिसलं, तेही न मागता. एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन हे दोघे इथिलीन आणि बेंझाल्डिहाइड यांची हजाराहून जास्त वातावरणांच्या दाबाखाली सांगड घालू पाहत होते. ती जमली नाही. भांड्याच्या कडेला मेणासारखा पांढरा थर मात्र मिळाला. पुन्हा करायला गेले तर प्रयोग हाताबाहेर गेला आणि काम थांबलं. १९३५ च्या डिसेंबरमध्ये त्यांच्याच सहकाऱ्यांनी तो नीट साधला, आणि मग कळलं की वायूत चुकून मिसळलेला किंचित ऑक्सिजन ही सारी साखळी सुरू करत होता. तो पांढरा थर म्हणजे पॉलिथीन.

पॉलिथीनची एक बाजू मला ब्रोमीनच्या प्रयोगापेक्षा जास्त बोलकी वाटते. हजारो इथिलीन एकमेकांना जोडले जाताना प्रत्येकाने आपला दुसरा बंध खर्च केलेला असतो. म्हणजे तयार झालेल्या साखळीत ढग उरत नाही. ती स्वभावाने एक लांबच लांब इथेन असते. आम्ल, पाणी, जिवाणू, कुणालाही तिच्यात पकड सापडत नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईची गटारं तुंबली म्हणून ज्या पिशव्यांवर ठपका आला आणि ज्यांच्यावर पुढे २०१८ मध्ये राज्याने बंदी घातली, त्यांचा सगळा गुन्हा हा इथेनचा आळस आहे. गुण तोच, फक्त नाल्यात दोष ठरला.

आता आंब्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शहरांत रस्त्यावर दगडी कोळशाच्या गॅसचे दिवे होते, आणि जमिनीखालचा नळ गळत असला की जवळच्या झाडांची पानं अवेळी झडत. सेंट पीटर्सबर्गला दिमित्री नेल्युबोव्ह हा तरुण संशोधक वाटाण्याचे कोंब वाढवत होता. प्रयोगशाळेत ते खुजे, जाड आणि आडवे वाढत. बाहेरच्या हवेत सरळ. त्याने दिव्याच्या गॅसमधला एकेक घटक तपासत जाऊन १९०१ मध्ये अपराधी नेमका पकडला. इथिलीन. पुढे १९३४ मध्ये रिचर्ड गेन याने इंग्लंडमध्ये दाखवून दिलं की पिकणारं सफरचंद हा वायू स्वतःच तयार करतं. म्हणजे कारखान्यात आठशे अंशांना बनतो तोच रेणू फळ आपल्या सालीआड, साध्या हवामानात, एका अमिनो आम्लापासून घडवत असतं. वनस्पतींचं हे संप्रेरक आहे, आणि तेही वायुरूप. दहा लाख भाग हवेत एका भागाहूनही कमी असला तरी झाडाला तो कळतो.

कळतो कसा? झाडाच्या पेशींमध्ये इथिलीन ओळखणारी प्रथिनं आहेत, आणि त्यांच्या गाभ्यात तांब्याचा अणू बसवलेला आहे. तांब्याला सैल इलेक्ट्रॉनांचा ढग आवडतो. इथिलीन तिथे आला की त्याचा पाय बंध तांब्याला जाऊन टेकतो, आणि निरोप पोचतो. निरोपाची तऱ्हाही उलटी आहे. ही प्रथिनं एरवी पिकणं रोखून धरायचं काम अखंड करत असतात. इथिलीन येऊन त्यांना एवढंच सांगतो की आता रोखणं थांबवा. मग पिष्टाची साखर होऊ लागते, गर मऊ पडतो, सालीतला हिरवा रंग जातो, आणि फळ स्वतः आणखी इथिलीन सोडू लागतं, ज्याने शेजारचं फळ जागं होतं. कोकणात पेंढ्यात आंब्याची अढी घालतात ती याच गोष्टीसाठी. पेंढा ऊब धरतो आणि फळांनी सोडलेला वायू त्यांच्याच भोवती कोंडून ठेवतो.

आता पुडीचं कोडं सुटतं. तांब्याचा तो अणू रेणूचं नाव विचारत नाही, ढग तपासतो. इथेनपाशी ढग नाही, म्हणून तो कितीही सोडा, फळ हूं की चूं करणार नाही. अ‍ॅसिटिलीनपाशी ढग आहे. बसायला तो इथिलीनइतका नेटका नाही, त्यामुळे कितीतरी पट जास्त लागतो, पण चालून जातो. झाडाने हजारो वर्षांत कधी न पाहिलेला वायू त्याच्या कुलपाला लागतो, आणि आंबा फसतो.

माणूसही फसतो, हे वेगळं. बाजारातलं कार्बाइड शुद्ध नसतं. त्यात फॉस्फरस आणि आर्सेनिकचे अंश असतात, आणि ओलाव्याबरोबर त्यांचेही विषारी वायू बनतात. कार्बाइडला लसणासारखा जो उग्र वास येतो तो या भेसळीचा, शुद्ध अ‍ॅसिटिलीनला जवळजवळ वासच नसतो. शिवाय कोवळी फळं उतरवून पुडीने रंगवली की साल पिवळी आणि आत आंबट, हा अनुभव कुणाला नाही? म्हणून फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर बंदी आहे, आणि २०१६ मध्ये एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याऐवजी खुद्द इथिलीन वापरायला, दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत, परवानगी दिली. जळगावची केळी रायपनिंग चेंबरमध्ये पिकतात ती याच वायूवर. लोक याला ‘केमिकलने पिकवलेलं’ म्हणून नाक मुरडतात. मला ते नाक मुरडणं पटत नाही, कारण अढीतला आंबाही त्याच केमिकलवर पिकतो. नाशिकच्या द्राक्षांना मात्र यातलं काहीच लागू पडत नाही. द्राक्ष वेलीवर जितकं पिकलं तितकंच. तोडल्यावर त्याला इथिलीनमध्ये ठेवा नाहीतर अढीत घाला, आंबट ते आंबटच.

राहिला अ‍ॅसिटिलीन. वेल्डर टॉर्च पेटवतो तेव्हा आधी नुसता अ‍ॅसिटिलीन सोडतो. पिवळी, लवलवती, काळा धूर ओकणारी ज्योत निघते आणि काजळीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे हवेत तरंगत येऊन कपड्यांवर बसतात. वजनाने ९२ टक्के कार्बन असलेला हा वायू. साध्या हवेत एवढा कार्बन पुरता जळणार कसा? मग तो ऑक्सिजनची चावी हळूच फिरवतो. धूर नाहीसा होतो, ज्योत आखडते, निळी होते आणि टोकाशी एक लहानसा लखलखीत पांढरा कोन उरतो. काम त्या कोनाच्या पुढे होतं.

ही ज्योत इतकी तापते कशाने? वाटेल की अ‍ॅसिटिलीन जास्त उष्णता देत असणार. हिशोब उलटा निघतो. एक मोल इथेन जळताना सुमारे १५६० किलोज्यूल देतो, इथिलीन १४११, अ‍ॅसिटिलीन तर १३०० च. पण ही उष्णता वाटून कुणाला घ्यायची असते? जळून जे तयार होतं त्याला. इथेनपासून कार्बन डायऑक्साइडचे दोन आणि पाण्याचे तीन रेणू, एकूण पाच निघतात. अ‍ॅसिटिलीनपासून दोन आणि एक, तीनच. पाच जणांत १५६० वाटले तर ३१२ येतात, तिघांत १३०० वाटले तर ४३३. कमावणारा थोडं कमी कमावतो, पण खाणारी तोंडंच कमी! मला रसायनशास्त्रातल्या सगळ्या हिशोबांत हा फार देखणा वाटतो.

त्या तिहेरी बंधात कोंबलेली ऊर्जा अ‍ॅसिटिलीनला धोकादायकही करते. त्याला स्फोटासाठी ऑक्सिजन लागत नाही. दाबून भरला आणि ठिणगी किंवा धक्का मिळाला की तो आपला आपण कार्बन आणि हायड्रोजन होऊन फुटतो. म्हणून ऑक्सिजनसारखा तो रिकाम्या टाकीत ठासून भरता येत नाही. त्याच्या टोकाच्या हायड्रोजनचीही एक खोड आहे. तिहेरी बंधाशेजारी तो इतका सैल असतो की धातूला जागा देऊन निघून जातो, आणि तांब्याबरोबर बनणारा लालसर क्षार वाळला की नुसत्या घासण्याने फुटतो. त्यामुळे अ‍ॅसिटिलीनच्या वाहिनीला तांब्याचा नळ वापरायचा नसतो. आंब्यात गोडवा आणणारी तांब्याची आणि ढगाची ही जवळीक गॅरेजमध्ये अशी जिवावर बेतू शकते.

मग सिलिंडर भरतात कसा? १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये कळलं की अ‍ॅसिटोन हा द्रव अ‍ॅसिटिलीनला भरभरून विरघळवतो. साध्या दाबाला आपल्या आकारमानाच्या पंचवीसपट, बारा वातावरणांना तीनशेपट. वेल्डरच्या मरून रंगाच्या सिलिंडरमध्ये पोकळी नसतेच. आत सच्छिद्र दगडासारखा गाभा, त्याच्या छिद्रांत अ‍ॅसिटोन, आणि अ‍ॅसिटोनमध्ये विरघळलेला वायू. छिद्रं इतकी बारीक की कुठे फुटायला सुरुवात झालीच तर तिथल्या तिथे विझते. तो उभाच ठेवायचा असतो, आडवा टाकला तर अ‍ॅसिटोन नळीत उतरतो. आणि त्याच्या जोडाचे आटे उलटे असतात, म्हणजे घाईगडबडीत ऑक्सिजनची नळी त्याला लागूच नये.

असा गाभा बनवणाऱ्यांतला एक म्हणजे स्वीडनचा गुस्ताफ डालेन. त्याला दीपगृहं चालवायची होती, निर्जन खडकांवरची, जिथे रोज दिवा लावायला माणूस पोचत नाही. त्याने गॅसची चावी सूर्याच्या हाती दिली. मधोमध एक काळा केलेला दांडा, भोवती चकचकीत तीन. दिवस उजाडला की काळा दांडा प्रकाश पिऊन तापतो, इतरांपेक्षा जास्त लांबतो आणि झडप बंद करतो. अंधार पडला की आखडतो, झडप उघडते. यंत्र नाही, वीज नाही. दिवा वर्षभर कुणी हात न लावता चाले. १९१२ मध्ये सिलिंडरच्या सुरक्षिततेची चाचणी घेताना झालेल्या स्फोटात डालेनचे डोळे गेले. त्याच वर्षी त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते घ्यायला त्याचा भाऊ गेला, जो नेत्रतज्ज्ञ होता. डालेन पुढे १९३७ मध्ये वारेपर्यंत आपली आगा ही कंपनी चालवत राहिला. १९२२ मध्ये, डोळ्यांनी काही दिसत नसताना, त्याने स्वयंपाकघरासाठी एक शेगडी रचली, तासन्‌तास ऊब धरून ठेवणारी. इंग्रजांच्या घरांत ती इतकी रुळली की आगा म्हटलं की तिथे आजही शेगडीच समजतात. ती चाले साध्या कोळशावर.